छेदातली मुलं

शाळेचा निकाल सांगायला फोन केला की अप्पा टक्के ऐकूनच घेत नाहीत. आधी विचारतात, "पट किती?" बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर ३१ वर्षं नोकरी झाली त्यांची, त्यातली सात एकशिक्षकी शाळेवर. पहिली ते चौथी एकाच खोलीत, एकाच फळ्यावर. पटावरची मुलं त्यांना घरासकट माहीत असायची.

"अठरा," मी सांगते.

"मग टक्के कशाला सांगतेस? मुलं सांग."

ही अठरा मुलं सेंट पॉलमधली. अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात. माझी दोन्ही मुलं ज्या लहानशा चार्टर शाळेत शिकली त्या शाळेची तिसरी. बालवर्गापासून आठवीपर्यंत सगळी मिळून एकशेसाठच्या आसपास मुलं, म्हणजे एका इयत्तेला एकच वर्ग आणि वर्गात अठरा, फार तर वीस. २०२१ पासून मी या शाळेच्या बोर्डावर पालक सदस्य आहे. राज्याच्या परीक्षांचे निकाल ऑगस्टच्या अखेरीस येतात, आणि गणपतीच्या मखराचं सामान आणि निकालाचे छापील कागद आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकदमच येऊन पडतात. मखराला मुलं हात लावतात. कागदांना मी लावू देत नाही.

चार्टर शाळा म्हणजे काय, हे गावाकडच्या लोकांना सांगताना मी आपल्या अनुदानित शाळेचं उदाहरण देते. पैसा सरकारचा, कारभार शाळेच्या स्वतःच्या बोर्डाचा. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. शाळेवर देखरेख करायला एक संस्था असते, तिला ऑथरायझर म्हणतात. तिच्याशी करार करायचा, जास्तीत जास्त पाच वर्षांचा. करारात लिहून द्यायचं की आमची मुलं अमुक एवढं शिकतील. नाही शिकली तर करार पुढे चालू राहील याची खात्री नाही. आणि पैसा मुलामागे येतो, त्यामुळे पट घसरला की शिक्षक कमी करायची वेळ येते. पटाची धास्ती काय असते हे अप्पांना समजावून सांगावं लागलं नाही.

ही सगळी कल्पना वाढली ती इथेच. देशातला पहिला चार्टर कायदा १९९१ साली मिनेसोटाने केला आणि पहिली चार्टर शाळा, सिटी अ‍ॅकॅडमी, १९९२ मध्ये सेंट पॉलमध्येच उघडली, शाळा सोडून दिलेल्या मुलांसाठी. १९८८ मध्ये या कल्पनेची जाहीर बाजू घेतली होती ती अल्बर्ट शँकर यांनी, आणि ते होते शिक्षकांच्या संघटनेचे अध्यक्ष. शिक्षकांनी स्वतः लहान शाळा काढाव्यात, नवं काही करून बघावं, जमलं तर ते बाकीच्या शाळांनी उचलावं, असं त्यांच्या मनात होतं. पुढे त्यांनाच ते चित्र पटेनासं झालं. २०२१ पर्यंत देशात सुमारे ७,८०० चार्टर शाळा आणि ३७ लाख विद्यार्थी झाले होते. त्यांच्यात मोठमोठ्या साखळ्या आहेत, नुसत्या ऑनलाइन चालणाऱ्या शाळा आहेत, आणि चर्चच्या जुन्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या आमच्यासारख्या चिमुकल्या शाळाही आहेत. 'चार्टर शाळा चांगल्या की वाईट' हा प्रश्न मला म्हणूनच विचित्र वाटतो. हॉटेलातलं जेवण चांगलं की वाईट, असं कोणी विचारल्यासारखं.

आमच्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं कॅरेन आहेत. ब्रह्मदेशातल्या यादवीतून पळून थायलंडच्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढलेली आणि तिथून सेंट पॉलला आणून वसवलेली ही माणसं. काही मुलं मोंग. त्यांचे आजी-आजोबा १९७५ नंतर लाओसमधून निर्वासित म्हणून आले, आणि आज या शहरात मोंग वस्ती देशातल्या सगळ्यात मोठ्या वस्त्यांपैकी एक आहे. काही कृष्णवर्णीय घरं, काही मेक्सिकन, थोडी गोरी. आणि आमच्यासारखी दोन-तीन भारतीय.

आम्ही इथे आलो ते मुलीसाठी. आधीच्या मोठ्या शाळेत ती बालवर्गात बोलायचीच बंद झाली होती. घरी अखंड बडबड, शाळेत चिडीचूप. इथे नाव घालायला गेलो तेव्हा एक फॉर्म समोर आला. मुलाने सगळ्यात आधी कुठली भाषा शिकली? घरी कुठली बोलता? माझ्या मैत्रिणींनी आधीच बजावलं होतं, "इंग्लिशच लिही गं. नाहीतर तिला इंग्रजी न येणाऱ्यांच्यात टाकतील." पेन हातात धरून मी थोडा वेळ नुसती बसले. मग 'मराठी' लिहिलं. खोटं लिहायला हात धजेना, आणि तिची पहिली भाषा नाकारायची तर मग घरी आल्यावर तिच्याशी कुठल्या तोंडाने मराठीत बोलायचं?

मैत्रिणी म्हणाल्या तसंच झालं. मुलीची चाचणी झाली आणि तिच्या नावापुढे 'ईएल' लागलं, इंग्लिश लर्नर. मला ते फार लागलं होतं, हे कबूल करते. पण रोज अर्धा तास चार कॅरेन मुलांबरोबर एका छोट्या खोलीत बसून तिने पहिल्यांदा शाळेत तोंड उघडलं. तिथे सगळ्यांचंच इंग्रजी अडखळत होतं, मग लाजायचं कुणाला? दुसरीच्या अखेरीस ती त्या यादीतून बाहेर पडली. शाळेने प्रमाणपत्र दिलं, आम्ही शिरा केला.

पुढच्या वर्षी तिसरीचा निकाल आला. इथे निकाल नुसता वर्गाचा नसतो. २००२ साली अंमलात आलेल्या एका केंद्रीय कायद्यापासून प्रत्येक शाळेला निकाल फोडून दाखवावा लागतो: वंशाप्रमाणे, गरिबीप्रमाणे, इंग्रजी शिकणारी मुलं वेगळी, विशेष गरजा असलेली मुलं वेगळी. २०१५ च्या नव्या कायद्यानेही हे कायम ठेवलं. पण एखाद्या गटात दहापेक्षा कमी मुलं असली तर तो आकडा जाहीर करत नाहीत. लहान गटातला आकडा छापला की मूल ओळखू येतं, म्हणून. तर त्या वर्षी तिसरीतल्या इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची ओळ कोरी होती. मी शिक्षिकेला विचारलं. ती म्हणाली, "यंदा नऊच मुलं उरली ना."

दहावी माझी मुलगी होती.

त्या कोऱ्या चौकोनाकडे मी बराच वेळ बघत राहिले. आमच्या घरी ज्या दिवशी शिरा झाला, त्या दिवशी नऊ मुलांची ओळ पुसली गेली. वाईट कुणीच वागलं नव्हतं. मुलांची ओळख उघड होऊ नये हा नियम मला पटतो. पण ती नऊ मुलं शिकत होती की नाही, हे त्या वर्षी जगाला कळायची सोय नव्हती. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. या ओळीतून जो इंग्रजी शिकतो तो बाहेर पडतो. मागे उरतात ती अजून न शिकलेली आणि नुकतीच आलेली. मग ही ओळ कायम खालीच दिसणार. दवाखान्यातले बरे झालेले पेशंट मोजायचेच नाहीत आणि मग म्हणायचं, इथे सगळे आजारीच.

दुसरी ओळ 'एशियन'. माझी मुलगी तिच्यात, मोंग मुलं तिच्यात, कॅरेन मुलंही तिच्यातच. घरात दोन्ही आईबाप इंजिनिअर, भिंतभर पुस्तकं, उन्हाळ्यात गणिताचा क्लास, असं एक मूल. आणि ज्याची आई मांस पॅक करायच्या कारखान्यात रात्रपाळी करते, जिला स्वतःला कुठल्याच भाषेत शाळा मिळाली नाही, तिचं मूल. दोघांची सरासरी काढायची आणि म्हणायचं, एशियन मुलांचं बरं चाललंय. हे मोंग आणि कॅरेन लोकांना आमच्याआधी कळलं होतं. त्यांच्या आणि इतर समाजांच्या मागणीतून २०१६ मध्ये मिनेसोटाने 'ऑल किड्स काउंट' कायदा केला आणि फॉर्मवर एशियन या शब्दाखाली आणखी घरं आली. मोंग, कॅरेन, एशियन इंडियन अशी वेगळी खूण करता येऊ लागली. मला हा कायदा मनापासून आवडतो. फक्त आमच्यासारख्या शाळेत त्याची गंमत अशी होते, की ओळ जितकी खरी करावी तितकी ती बारीक होते, आणि दहाच्या खाली गेली की पुन्हा कोरी.

गरिबीची ओळ तर कागदावरच घडते. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला शाळेत मोफत जेवण आणि १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत, असा केंद्राचा जुना हिशोब. त्या जेवणाच्या यादीवरूनच शाळेतली गरीब मुलं मोजायची पद्धत पडली. २०२३ पासून मिनेसोटाने सगळ्याच मुलांना जेवण मोफत केलं. फार चांगलं केलं. पण गरीब मुलांसाठी शाळेला मिळणारा जादा पैसा मात्र त्या मोजणीवर अवलंबून, आणि सरकारी मदतीच्या यादीत नाव नसलेल्या घरांना फॉर्म भरावाच लागायचा. सप्टेंबरात मी गेटवर क्लिपबोर्ड घेऊन उभी होते. एक मेक्सिकन आजोबा नातवाचा हात धरून आले. फॉर्म बघून म्हणाले, "जेवण तर फुकट आहे ना?" म्हटलं, हो. "मग मी गरीब आहे हे कशाला लिहून देऊ?"

मी काय उत्तर देणार. क्लिपबोर्ड खाली केला. त्यांनी फॉर्म भरला नाही, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आता त्या वर्षाबद्दल लिहायला हवं, जे मी इतके दिवस टाळलं.

२०२२ मध्ये आमच्या तिसरीतली १८ पैकी ११ मुलं वाचनात राज्याच्या अपेक्षेला उतरली. ६१ टक्के. राज्यभरात निम्मीच मुलं उतरतात, तेव्हा आम्ही केक कापला होता. २०२३ मध्ये १८ पैकी ७. म्हणजे ३९ टक्के. कराराच्या नूतनीकरणाला दोन वर्षं राहिलेली. बैठकीत पडद्यावर आलेख आला, आणि तो एका खांबावरून दुसऱ्या खांबावर असा काही कोसळत होता की खोलीत कोणी बोलेना. मग एका सदस्याने म्हटलं, "बावीस टक्क्यांची घसरण आहे. तिसरीत काय चाललंय?" तिसरीची शिक्षिका दोन्ही वर्षं तीच होती. माझ्या मुलीलाही तिनेच शिकवलेलं, आणि 'नऊच मुलं उरली ना' म्हणणारी तीच. ती मागच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर वही उघडी. सुधारणा आराखडा ठरला: दर आठवड्याला तिच्या वर्गाचं निरीक्षण, दर पंधरवड्याला चाचणी. मतदान झालं. मी हात वर केला.

घरी येताना मन खात होतं. अप्पांना फोन लावला. त्यांनी नेहमीचंच विचारलं, "पट किती?" आणि मग, "म्हणजे चार पोरं."

चार पोरं. अकराची सात झाली, बस. बावीस टक्के म्हणजे चार मुलं.

त्या रात्री मुलीला बसवलं आणि सुट्या पैशांची बरणी टेबलावर उपडी केली. अठरा पेन्या मोजून घेतल्या. म्हटलं, समज प्रत्येक पेनी एक मूल आहे आणि प्रत्येकाची पास व्हायची शक्यता बरोबर निम्मी आहे. शिक्षिका तीच, वर्ग तोच, पुस्तक तेच. उधळ. तिने दोन्ही हातांनी पेन्या टेबलावर उधळल्या, दोन खाली घरंगळल्या, त्या शोधल्या. छापा आलेल्या मोजल्या: ११. दुसऱ्यांदा: ७. मी तिच्याकडे बघितलं. मग ९, मग १२, मग ६. टक्क्यांत लिहून काढलं: ६१, ३९, ५०, ६७, ३३. मुलगी म्हणाली, "आई, हा तर शाळेचा आलेख झाला."

गणितात याला साधं सूत्र आहे. निम्मी शक्यता धरली तर अठरा मुलांच्या वर्गाचा टक्का नुसत्या योगायोगाने बारा-बारा टक्के वर-खाली हलतो, तीन वर्षांतून दोनदा त्या पट्ट्यात राहतो आणि एकदा त्याच्याही बाहेर जातो. तेच शंभर मुलं असली तर पाच टक्के, चारशे असली तर अडीच. म्हणून मोठ्या शाळांचे आलेख शांत दिसतात आणि लहान शाळांचे झोक्यावर बसल्यासारखे. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने पेनसिल्व्हेनियातल्या शाळांच्या निकालावर हे दाखवलं होतं: सगळ्यात चांगल्या शाळांच्या यादीत लहान शाळा त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त, आणि सगळ्यात वाईट शाळांच्या यादीतही जास्त. लोकांनी वरचीच यादी वाचली. लहान शाळा म्हणजे चांगल्या शाळा, असा समज पसरला, गेट्स फाउंडेशनने हायस्कूल सुधारण्याच्या कामात पैसा ओतला तो बराचसा लहान शाळांमध्ये, आणि २००९ मध्ये बिल गेट्स यांनीच लिहिलं की त्यातल्या अनेक शाळांत मुलांच्या शिकण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

पुढच्या बैठकीला मी त्या पेन्या पिशवीत घालून नेल्या. तिथेही उधळल्या. लोकांनी ऐकलं, निरीक्षणं थांबली. पण शिक्षिकेने मनाने निरोप घेतला होता. जूनमध्ये तिने नोकरी सोडली. वर्ग आवरायला मी मदतीला गेले होते. तिने सतरा वर्षांचे वर्गाचे फोटो एका खोक्यात भरले आणि मला म्हणाली, "तुझा राग नाही माझा. पण तू हात वर केलास ते मी बघितलं." आजही त्या खोलीवरून जाताना मला ते वाक्य ऐकू येतं.

आकडेच फेकून द्यावेत, असं मात्र मला वाटत नाही. कधीच वाटलं नाही. निकाल फोडून दाखवायचा कायदा नसता तर आमच्यासारख्या शाळांतली नवी आलेली मुलं सरासरीखाली आरामात झाकली गेली असती आणि कोणी विचारलंही नसतं. योगायोगाची सबब सांगून प्रत्येक खराब निकाल झटकता येतो, तोही धोका आहेच. म्हणून २०२४ च्या शरद ऋतूत आम्ही तिघांनी बसून पाच वर्षांचे निकाल एकत्र केले. २०२० मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नव्हती, ते वर्ष सोडलं. तिसरी एके तिसरी न बघता सगळ्या इयत्ता एकत्र घेतल्या. आता टक्क्याचा छेद, म्हणजे मोजलेल्या मुलांचा आकडा, शेकड्यांत गेला आणि निकाल बोलायला लागला. वाचनात आम्ही राज्याच्या सरासरीच्या जवळपास होतो, निर्वासित वस्तीतल्या शाळेसाठी ही मोठीच गोष्ट. गणितात मात्र खाली होतो, दरवर्षी, जवळजवळ प्रत्येक इयत्तेत. तिथे योगायोग नव्हता. पुस्तक बदलायला हवं होतं, गणिताला रोज वीस मिनिटं जास्त द्यायला हवी होती. आणि आम्ही तिसरीच्या वाचनाच्या तासाला मागच्या बाकावर बसून निरीक्षणं करत होतो.

मोठ्या पातळीवर हेच काम स्टॅनफर्ड विद्यापीठातली क्रेडो ही संस्था करते. चार्टर शाळेतल्या प्रत्येक मुलासाठी शेजारच्या नेहमीच्या शाळेतून त्याच्यासारखंच मूल कागदावर शोधायचं: तीच इयत्ता, तोच वंश, तशीच गरिबी, इंग्रजी शिकत असेल तर तसंच, आधीचे गुणही तेवढेच. मग दोघं वर्षभरात किती पुढे गेली ते बघायचं. २००९ च्या त्यांच्या अहवालात गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरस ठरल्या होत्या आणि ३७ टक्के मागे. २०२३ च्या अहवालात चार्टरमधली मुलं सरासरीने वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे निघाली, ऑनलाइन शाळांतली मात्र खूपच मागे. पद्धत मला प्रामाणिक वाटते. तरी वाचताना मनात येतं, की त्या जुळणीत कॅरेन मुलाचा कागदावरचा जुळा कोण निघत असेल? तोही 'एशियन', तोही 'ईएल'. कदाचित नुकतं हैदराबादहून आलेलं, घरात दोन लॅपटॉप असलेलं मूल.

वंशाच्या आकड्यांचा आणखी एक गुंता आहे, आणि त्यावर माझं मत अजून पुरतं ठरलेलं नाही. सेंट पॉल-मिनिआपोलिसमध्ये अशा चार्टर शाळा आहेत जिथे जवळजवळ सगळी मुलं एकाच समाजाची: मोंग, सोमाली, कॅरेन. २०१५ मध्ये काही पालकांनी राज्यावर खटला भरला, की शहरातल्या शाळा वंशाप्रमाणे वेगळ्या पडल्यात आणि त्याने मुलांचा पुरेशा शिक्षणाचा हक्क बुडतो. क्रूझ-गुझमन खटला. चार्टर शाळाही त्यात बाजू मांडायला उतरल्या. २०२३ च्या डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता असमतोल दाखवून भागणार नाही, त्या असमतोलामुळे शिक्षण अपुरं पडतंय हे दाखवावं लागेल. मी दोन्ही बाजू वाचल्या. एकाच रंगाची मुलं एका इमारतीत गोळा झाली की पैसा आणि ओळखीपाळखी बाहेरच राहतात, हे या देशाने भोगलेलं आहे. आणि तरी आमच्या शाळेतली एक मोंग आजी मला म्हणाली होती ते डोक्यातून जात नाही: या शाळेत आल्यापासून नातू तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला लाजत नाही. माझ्या मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं तेही तशाच खोलीत. ढकलून दिलेलं एकटेपण वेगळं आणि आपण होऊन जमवलेला गोतावळा वेगळा, असं मला वाटतं. तक्त्यात मात्र दोन्हींचा टक्का सारखाच उमटतो.

गेल्या नोव्हेंबरात शाळा सुटायच्या वेळी गाड्यांच्या रांगेत उभी होते. बर्फ भुरभुरत होतं. एक कॅरेन आई माझ्या खिडकीशी आली. ओळख हसण्यापुरती. तिने कोटाच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. मुलाच्या परीक्षेचा अहवाल. राज्याकडून प्रत्येक मुलाचा असा कागद घरी येतो, सगळा इंग्रजीत. तिने कागद माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "गुड? नॉट गुड?"

मुलगा चौथीतून पाचवीत गेलेला. गुण ४४७. या परीक्षेत आकड्याचा पहिला अंक इयत्ता सांगतो आणि ५० ला अपेक्षा पूर्ण होते, म्हणजे चौथीला ४५० हवेत. तीन गुण कमी. शाळेच्या टक्क्यात हा मुलगा शून्य. कागदाच्या खालच्या भागात मागच्या वर्षीचा आकडा होता: ३३१. मी तिला गाडीत बसवलं, हीटर वाढवला. काचेवर वाफ धरली होती, तिच्यावर बोटाने लिहिलं: ३१. खाली रेघ ओढली. रेघेच्या वर, बरंच वर, ४७. आणि त्याच्या डोक्याला लागून आणखी एक रेघ: ५०. तिने ३१ वर बोट ठेवलं, मग ४७ वर, मग उरलेल्या त्या चिमूटभर जागेवर. चिमूट तशीच धरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गुड. व्हेरी, व्हेरी गुड." तिने कागद पुन्हा चार घड्या घालून त्याच खिशात ठेवला, आतल्या, छातीजवळच्या.

त्या रविवारी अप्पांना हे सांगितलं. ते खूश झाले आणि लगेच त्यांचं सुरू झालं. "उरलेली कुठायत?" त्या मुलाच्या वर्गातल्या अठरातली चार मुलं वर्षभरात शाळा सोडून गेली होती. कारखान्यात काम मिळालं, भाडं वाढलं, भावाने दुसऱ्या गावी बोलावलं. अप्पांच्या शाळेतही दिवाळी झाली की निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. आईबाप ऊसतोडीला निघाले की मुलंही बैलगाडीत. हजेरीपटावर त्यांच्यापुढे गैरहजेरीची खूण करायची, हा नियम. अप्पा ती करायचे, आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात कारखान्याचं नाव लिहायचे. पोर कुठे गेलंय ते. वरिष्ठांनी विचारलं तर खोडता यावं म्हणून पेन्सिल. मुलं उन्हाळ्याच्या तोंडावर परतली की ते नाव खोडून टाकायचे.

"लिहून ठेवलंस का कुठे गेली ती?" त्यांनी विचारलं.

निकालाचे कागद टेबलावरच होते. मी मुलीच्या कंपासपेटीतून पेन्सिल घेतली. दोन मुलं नेब्रास्काला गेल्याचं मला माहीत होतं, एक शहरातच दुसऱ्या शाळेत. चौथ्याचं शाळेच्या ऑफिसात विचारायला हवं होतं. तीन नावं कोऱ्या चौकोनाच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिली, गावासकट. चौथ्या नावापुढे जागा सोडली.

"लिहिलं," मी म्हटलं.

"वाच बघू," अप्पा म्हणाले.